दहापैकी किती

हिवाळ्यात दुपारची जेवणं आटोपली की मी आमच्या नांदेडच्या घराच्या गच्चीवर सतरंजी टाकून ऊन खात पडते. डोळे मिटले की ऊन पापण्यांतून आत झिरपतं आणि सगळं लाल दिसायला लागतं. दुसऱ्या एखादीला त्या लालीत जास्वंद दिसेल. मला लाल शाई दिसते. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्याची ही पेन्शन.

त्या लाल झोपेत पोटावर ठेवलेला मोबाइल थरथरायचा. चिमणी अंगावर येऊन बसावी तसा. मी चष्मा शोधायची. नातीचा मेसेज.

नात लातूरला असते. डॉक्टर व्हायचं म्हणून दोन वर्षांसाठी तिला तिथल्या क्लासला घातलंय. सकाळी क्लास, दुपारी क्लास, मध्ये टेस्ट, राहायला मुलींचं होस्टेल. दुपारच्या सुट्टीत अर्धा तास फोन हातात मिळायचा, तेव्हा ती मला लिहायची. मराठी टाइप करायला वेळ लागतो म्हणून इंग्रजीत. आणि इंग्रजी कसं? तर, ‘आजी टुडे वन कॅट सिट ऑन सरांची स्कूटर, सर से शू शू बट शी नॉट गो, वी ऑल लाफ्ड सो मच की सर ऑल्सो लाफिंग.’

आता सांगा, हे वाचून माणसानं काय करावं? मांजर डोळ्यांसमोर आणावं, हसावं, विचारावं की पुढं काय झालं. मी काय केलं? अख्खं वाक्य शुद्ध करून परत पाठवलं. खाली लिहिलं, दहापैकी चार. आणि त्याखाली एक हसरा चेहरा चिकटवला, म्हणजे आजी किती प्रेमळ ते कळावं!

मुलगा म्हणाला, “आई, मोबाइलवर कोण बघतंय व्याकरण? आपल्याच माणसाला लिहायचं तर कसं का लिहीना.”

मी म्हटलं, “आपल्याच माणसाला गबाळं वाढायचं का मग? पाहुण्याला ताट आणि घरच्याला पत्रावळ?”

माझ्या या वाक्यावर मी स्वतःच खूश झाले होते. तरुणपणापासूनची खोड आहे ती. वाक्य चांगलं जमलं की ते खरंच आहे असं मला वाटायला लागतं.

महिनाभर मी दुरुस्त्या पाठवत राहिले. चार, पाच, साडेपाच. मग एका दुपारी मेसेज आला: ‘आय ॲम फाइन. हाऊ आर यू?’ पहिलं अक्षर मोठं, शेवटी प्रश्नचिन्ह, कुठं बोट ठेवायला जागा नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी नुसतं ‘फाइन.’ पूर्णविरामासकट. मी तीनही दिवस दहापैकी दहा दिले आणि स्वयंपाकघरात जाऊन सुनेला फोन दाखवला.

“बघ, सुधारली पोरगी.”

सून ज्वारीचं पीठ मळत होती. तिचा हात थांबला.

“आई, आमच्याशी तर ती बोलूनच नाही राहिली. फोन केला की नुसतं हूं, हूं. जे काय सांगायची ते तुम्हालाच. मी म्हणायचे, आजीला तरी सांगते न, मग ठीक आहे.” तिनं पिठाचा हात फोनला लागू नये म्हणून मान वाकडी करून परत वाचलं. “आता तुम्हालाबी फाइनच का?”

मी फोन घेतला. वर गच्चीवर येऊन पडले. डोळे मिटले, लाल झालं, आणि त्या लालीत ते ‘फाइन’ तरंगत राहिलं. मला वाटलं, हे आपण आधी वाचलंय. याच अक्षरात नव्हे, पण हेच. आणि मग कुठं वाचलं ते आठवलं, तेव्हा ऊन असूनही अंगावर शाल घ्यावीशी वाटली.

*

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी मुलाकडच्यांना दहा वेळा सांगितलं होतं, आमची मुलगी इंग्रजी घेऊन बी.ए. झाली आहे. नवऱ्या मुलानं ते मनावर घेतलं. बिचारा पाटबंधारे खात्यात कारकून, शिकलेला मराठीतून. त्याचे वडील निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, त्यामुळे घरात बोलणं असं की ‘जरा इत्मीनानानं घे’ आणि ‘लई हैराण केलं राव’ एकाच वाक्यात. इंग्रजीशी त्या घराचा संबंध सरकारी फाइलीपुरता.

लग्नानंतर काही वर्षांनी मला लातूरच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. त्यांची नोकरी आधी भोकरला, मग विष्णुपुरीला धरणाच्या ऑफिसात. आमचा मुलगा नांदेडला सासूबाईंपाशी शिकायला. मी लातूरला एक खोली घेऊन राहिले. सणासुदीला भेटायचं, एरवी पत्रं. पोस्टावर त्यांचा भरवसा नव्हता. नांदेडहून लातूरला येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे ते चिठ्ठी द्यायचे. त्या काळी असं चालायचं. डबे, औषधं, चष्मे, सगळं कंडक्टरच्या हाती यायचं. माझ्या शेजारच्या आपांचं बसस्टँडसमोर बांगड्यांचं दुकान होतं. कंडक्टर चिठ्ठी आपांकडे टाकायचा, आपा संध्याकाळी दुकान बंद करून ती मला आणून द्यायच्या.

चिठ्ठी इंग्रजीत असायची. बायकोच्या मानासाठी.

ती इंग्रजी आठवली की अजून मला हसू येतं आणि मग हसू येत नाही. ऑफिसच्या कपाटात मांजर व्याली, साहेबाच्या फाइलीवर. धरणाच्या पाण्यात सकाळी धुकं इतकं की समोरचा काठ कुणी पुसून टाकल्यासारखा. अर्धापूरहून एका शेतकऱ्यानं केळीचा घड आणला, सगळ्यांनी इतकी केळी खाल्ली की संध्याकाळी कुणाला भूक नाही. हे सगळं अशा इंग्रजीत की क्रियापदं एका गावाला, कर्ते दुसऱ्या. ‘मॉर्निंग वॉटर नॉट सी, ओन्ली व्हाइट व्हाइट. आय रिमेंबर यू.’

आणि मी, तीस वर्षांची, वेणीत अबोली, टेबलावर शाईची दौत, काय करायची? लाल शाईनं ती चिठ्ठी तपासायची. गोल, फुली, रेघ. खाली मार्क. दहापैकी तीन. आणि दुसऱ्या दिवशी त्याच कंडक्टरच्या हाती ती तपासलेली चिठ्ठी नांदेडला परत! ‘आय रिमेंबर यू’च्या खाली मी लिहिलं होतं की इथं ‘मिस’ हवं. नवऱ्याला आपली आठवण येते, ही बातमी त्या बाईच्या डोळ्यांत शिरलीच नाही. शब्द चुकला एवढंच दिसलं. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी तिला एका पायावर उभी करीन.

आपा एकदा म्हणाल्या होत्या, “बाजी, हे लाल लाल काय करून राहिल्या तुम्ही? खत है के इम्तिहान?”

“त्यांच्याच भल्यासाठी आहे हो आपा.”

“हाव, हाव,” आपा म्हणाल्या. “हमारे मियाँ को तो लिखना भी नहीं आता. अल्ला का शुकर.”

वर्ष-दोन वर्षांत पत्रं सुधारली. छापील झाली. ‘आय ॲम फाइन हियर. होप यू आर फाइन देअर. वेदर इज गुड.’ मी नऊ दिले. मग साडेनऊ. शिक्षक-खोलीत सांगितलंही, आमच्या ह्यांचं इंग्रजी मी रांगेला लावलं. मांजरीच्या पिल्लांचं पुढं काय झालं, हे विचारायचं मला सुचलं नाही. धुकं, केळी, साहेब, सगळं त्या चिठ्ठ्यांतून निघून गेलं होतं आणि राहिलं होतं फक्त चांगलं हवामान. मला ते शुद्ध वाटलं.

*

मग भूकंप झाला.

त्या पहाटेबद्दल मी फार लिहीत नाही. आमच्यापेक्षा कितीतरी जास्त ज्यांनी सोसलं, त्यांची गावं दक्षिणेला होती. आमच्या लातूरच्या गल्लीत भिंतींना भेगा गेल्या, माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आली, एवढंच. सकाळ उजाडली तेव्हा मी शाळेच्या मैदानात लिंबाखाली बसले होते, पायांत चप्पल नव्हती. ऊन नेहमीसारखंच होतं. त्याचंच फार आश्चर्य वाटत होतं. फोन बंद. नांदेडला काय झालं असेल, घर उभं आहे का, मूल कुठं आहे, काही कळत नव्हतं. लोक बोलत होते ते मला पाण्याखालून ऐकू यावं तसं ऐकू येत होतं.

ऊन चांगलं वर आल्यावर आपा येताना दिसल्या. दुकानातल्या बांगड्या फुटल्या होत्या, त्यांच्या दुपट्ट्यावर काचेची बारीक कणी चमकत होती. हातात चिठ्ठी.

“बाजी, तुमचा खत. पहिल्या गाडीनं आला.”

ऑफिसच्या फाइलीतून फाडलेला कागद, पेन्सिलीनं लिहिलेला. त्यांना त्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी खिडकीतून कंडक्टरच्या हातात तो कागद कोंबला होता. ‘ऑल सेफ. बॉय सेफ. यू नॉट गो इन हाऊस. आउटसाइड सिट. आय कमिंग.’

घाबरलेल्या माणसानं मराठीत लिहिलं असतं तर चाललं नसतं का? पण सवय. बायकोला इंग्रजीत लिहायचं, हे त्यांच्या हाताला लागलेलं वळण होतं, आणि त्या घाईत इंग्रजी पुन्हा जुनं झालं होतं. छापील वाक्यं सगळी गळून पडली होती. मी तो कागद किती वेळा वाचला माहीत नाही. आउटसाइड सिट. मी बसले. दुपारपर्यंत हलले नाही.

दुपारी ते आले, अर्धापूरच्या केळीच्या ट्रकवर बसून. कुणीतरी भूकंपवाल्यांसाठी केळी पाठवली होती. ट्रकवरून उतरले तेव्हा डोक्यात केळीच्या पानांचा चुरा होता. मला बघून म्हणाले, “हाय का ठीक?” मी म्हटलं, “हाय.” पुण्याच्या बाईला लाजवील असं शुद्ध बोलणारी मी, ‘हाय’ म्हटलं.

इथपर्यंतच लिहून थांबले असते तर बरं दिसलं असतं. पण पुढचं सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

चार-पाच दिवस आम्ही मैदानातच ताडपत्रीखाली राहिलो. धक्के येत होते. वेळ जाईना म्हणून मी घरातून मागवून मुलींच्या सहामाहीच्या वह्या तपासत बसले होते. लाल पेन हातात. ताडपत्रीतून पिवळा उजेड, बाहेर कुणाची तरी भाकरी थापल्याचा आवाज, मला गुंगीच आली होती. वही, वही, वही, आणि मध्येच ती चिठ्ठी. मीच जपून वहीत ठेवलेली. माझ्या हातानं ‘कमिंग’भोवती लाल गोल काढला.

मी नाही काढला, हातानं काढला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं.

ते समोर बसून केळं सोलत होते. त्यांनी पाहिलं. रागावले नाहीत. केळ्याची साल नीट घडी घालून बाजूला ठेवली आणि म्हणाले,

“किती दिले?”

मी पेन मागं घेतलं.

“दे की बाई. दहापैकी दे.” मग अर्धं केळं माझ्यापुढं करत म्हणाले, “फक्त आलो का न्हाई, तेवढं बघून दे.”

मला मार्क देता आले नाहीत. पेनाला टोपण लावलं. त्यानंतर त्यांची कुठलीच चिठ्ठी मी तपासली नाही. पण खरं सांगायचं तर त्यानंतर त्यांनी फारसं लिहिलंही नाही. माझी बदली झाली, आम्ही एका घरात आलो, आणि मग तोंडानंच बोलायचं होतं ते बोललो. ते जाऊन आता सहा वर्षं झाली. ती चिठ्ठी माझ्या पेन्शनच्या कागदांत आहे. पेन्सिल फिकट झालीय. गोल मात्र काल काढल्यासारखा लाल.

*

तर गच्चीवर पडल्यापडल्या मला कळलं होतं की लातूरच्या होस्टेलमध्ये बसून माझी नात मला हवामान कळवते आहे. आणि आमच्या घरातलं दुसरं कुणी तिला उरलेलं नव्हतं.

पहिला उपाय मला सुचला तो माझ्यासारख्या हुशार बाईलाच सुचेल असा. म्हटलं, आपणही चुकीचं इंग्रजी लिहावं. म्हणजे पोरीला वाटेल, आजी आपल्यातलीच. बसले लिहायला. पण तीस वर्षांची लागलेली सवय! एक चूक करायला पाच मिनिटं लागायची, आणि मोबाइल तेवढ्यात ती आपण होऊन सुधारायचा. शेवटी कसाबसा एक मेसेज तयार झाला, ‘आजी इज मिसिंग यू वेरी मचली.’ पाठवला.

उत्तर आलं, ‘नाइस ट्राय, आजी.’

स्वल्पविरामासकट. नातीच ती माझी.

दोन दिवस मी काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी कागदांतून चिठ्ठी काढली, गच्चीवर उन्हात धरली, फोटो काढला. माझ्या अंगठ्याची सावली त्यात आली तरी तसाच पाठवला. सोबत एक अक्षर लिहिलं नाही.

बराच वेळ काही नाही. खाली सून भांडी लावत होती. मग फोन थरथरला.

‘कोणाचं अक्षर?’

‘आजोबांचं. भूकंपाच्या दिवशीचं.’ मी मराठीत लिहिलं. एकेक अक्षर शोधत.

‘राउंड तू केला???’

‘हो.’

‘आजी यू वेअर हॉरिबल.’

‘हो.’

‘मार्क्स व्हाय नॉट गिव्हन?’

मी लिहिलं, ‘देता आले नाहीत.’

त्यानंतर ती खूप वेळ लिहीत असल्याचं दिसत राहिलं. तीन ठिपके यायचे, जायचे, पुन्हा यायचे. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते ठिपके म्हणजे होस्टेलच्या जिन्यात कुणीतरी खाली-वर करतंय असं वाटत होतं. मग तो लांबलचक मेसेज आला. एकही पूर्णविराम नाही. काळ कुठला कुठं. मला सबंध वाचायला दम लागला, कारण श्वास घ्यायला तिनं जागाच ठेवली नव्हती.

मराठीत सांगायचं तर असं: त्यांच्या क्लासमध्ये दर टेस्टनंतर मुलांच्या बॅचेस बदलतात. जास्त मार्कांची मुलं पहिल्या बॅचला, तिथून खाली. ती पहिल्या बॅचमधून शेवटच्या बॅचमध्ये गेली होती. महिना झाला. घरी सांगायचं धाडस नव्हतं. पहिल्या बॅचमधली मैत्रीण आता मेसमध्ये वेगळ्या टेबलावर बसायची. जेवण जाईना. अभ्यासाच्या तासाला ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसायची आणि पुस्तक उघडलं की अक्षरं हलायची. आणि शेवटी: इथं प्रत्येक गोष्टीला मार्क आहेत आजी, भिंतीवरपण नंबर लावतात, फक्त तुला लिहायचे त्याला नव्हते, मग तूपण द्यायला लागलीस.

माझा हात शिवशिवला का? शिवशिवला. खोटं कशाला बोलू? त्या मेसेजमध्ये किमान तीस चुका होत्या आणि त्या मला एकेक दिसत होत्या, वाळूत पडलेल्या काचांसारख्या. पण त्या चुकांमधून पोरगी दिसत होती, टाकीच्या सावलीत बसलेली. ‘फाइन’मधून ती अजिबात दिसत नव्हती.

मी खाली गेले. सुनेला म्हटलं, “धपाट्यांचं पीठ भिजव. उद्या सकाळच्या गाडीनं मी लातूरला चालले.”

“काय झालं आई?”

तिला मेसेज वाचायला दिला. ती उभ्याउभ्या वाचत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मग म्हणाली, “मीबी येते.”

“तू परवा ये. आधी मला जाऊ दे. माझं काम आहे तिथं.”

मग मी नातीला, येतेय म्हणून, घाईघाईनं इंग्रजीत एक मेसेज केला. चष्मा वर राहिला होता. सून विचारत होती चटणी शेंगदाण्याची की जवसाची, मुलगा विचारत होता तिकीट काढू का, आणि मी आपली अंगठ्यानं दाबत होते. काय लिहिलं ते वाचलंही नाही.

सकाळी गाडी निघाली. विष्णुपुरीच्या बाजूला धुकं इतकं होतं की धरणाचं पाणी दिसलंच नाही. नुसतं पांढरं पांढरं. मी खिडकीची काच पुसली, तरी पांढरंच. मांडीवर धपाट्यांचा डबा गरम होता. मला डुलकी लागली आणि डुलकीत असं वाटलं की मी कंडक्टरच्या खिशातली चिठ्ठी आहे, घडी घातलेली, आणि कुणीतरी बसस्टँडसमोर माझी वाट बघतंय.

लातूर काही आता माझं लातूर नाही. जिथं आपांचं दुकान होतं तिथं चार मजले चढलेत, आणि प्रत्येक मजल्यावर क्लासची पाटी. पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो रांगेनं. मी मान वर करून त्या चेहऱ्यांकडे पाहिलं. सगळे फाइन दिसत होते.

दुपारची सुट्टी झाली होती, होस्टेलच्या फाटकाशी नात उभी होती. वाळली होती. केस विंचरले नव्हते. मला बघून ती हसेल असं वाटलं होतं, पण ती नुसती बघत राहिली. तिचे ओठ थरथरायला लागले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तिनं खिशातून फोन काढला. माझाच मेसेज माझ्या डोळ्यांपुढं धरला.

“वाचलास का तू हा? काय लिहिलंस?”

मी चष्मा लावला. वाचला. देवा! माझ्या सगळ्या विद्यार्थिनींनी मिळून जेवढ्या चुका केल्या नसतील तेवढ्या त्या दीड ओळीत होत्या.

“दहापैकी दोन,” ती म्हणाली. आवाज फाटला होता. “तेपण अक्षराचे.”

“टाइप केलेलं आहे ग, अक्षर कुठलं?”

“मग एक.”

मी डबा तिच्या हातात दिला. तो अजून कोमट होता.

“आले का नाही,” मी म्हटलं, “तेवढं बघून दे.”

तिनं डबा छातीशी धरला आणि तिथंच, फाटकाशी, रस्त्यावरून पोरापोरींची रीघ चालली असताना, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. बऱ्याच वेळानं आम्ही समोरच्या रसवंतीच्या बाकावर जाऊन बसलो. तिनं धपाटं मोडलं, चटणीत बुडवलं, आणि बोलायला लागली. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, तोंडात घास, कुठलं वाक्य कुठं संपतंय पत्ता नाही.

“सावकाश,” मी म्हटलं. “मांजरीपासून सांग. स्कूटरवरून उतरली का ती?”